तंजावरचा ओळंबा आणि न जुळणारा हिशेब

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेसाठी आम्हीही चार शब्द लिहावेत, असा संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा तंजावरावाचून दुसरा विषय आमच्या मनात आला नाही. महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना तंजावरचे नाव आजोळच्या नावासारखे जवळचे वाटते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापिली आणि पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे ती चालली. बृहदीश्वराच्या देवळात शिरलेला मराठी माणूस राजराज चोळाने इसवी सन १०१० मध्ये पुरे केलेले ते प्रचंड विमान पाहतो खरा. पण त्याचे डोळे शोधीत असतात तो सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भिंतीवर कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास. तो दृष्टीस पडला, की मुलाबाळांना हाका मारून तो अक्षरे लावू लागतो.

काही वर्षांपूर्वी मंडळातील पाच-सहा कुटुंबे मिळून आम्ही असेच तंजावरास गेलो होतो. शिलालेख पाहून मंडळी सावलीस बसली असता आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या कन्येचा विषय काढला. मुलगी भौतिकशास्त्र घेऊन चांगल्या गुणांनी पदवीधर झालेली. पुढे गुरुत्वाकर्षणाच्या क्वांटम सिद्धान्तावर संशोधन करावयाचे म्हणत होती. "भाऊसाहेब, तुम्हीच हिला दोन शब्द सांगा," स्नेही म्हणाले. "वर फेकलेला दगड खाली का येतो, हे न्यूटनने सांगितले. त्यात काही उणे होते, ते आइनस्टाइनने भरून काढले. आता ह्यात शोधावयाचे काय उरले? स्पर्धा परीक्षेला बसली असती, तर घराला आधार झाला असता." मुलगी मान खाली घालून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "काका, दोन्ही हिशेब बरोबर आहेत, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत."

आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. विज्ञानाशी आमचा संबंध शालान्त परीक्षेपुरताच. परंतु इतिहासाची आवड आहे, आणि सारी नोकरी केंद्र सरकारच्या लेखा विभागात गेलेली आहे. त्यामुळे न जुळणाऱ्या हिशेबाची गोष्ट निघताच आम्ही सावध झालो. त्या दिवशी आम्ही मुलीला उपदेश केला नाही. उलट परतल्यावर तिच्याकडूनच विषय समजावून घेतला, जमेल तेवढे वाचले, आणि आश्चर्य असे, की त्या शोधाचे धागे पुन्हा पुन्हा तंजावराकडेच येऊन पोचताना दिसले. त्यातून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शिखरावर चढविलेले यंत्र

आरंभ त्याच देवळापासून करू. विल्यम लॅम्बटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून दक्षिणेच्या त्रिकोणमितीय मोजणीस प्रारंभ केला. कोन मोजण्याचे त्याचे थिओडोलाइट यंत्र लंडनमध्ये बनविलेले, वजनाने सुमारे अर्धा टन. विलायतेहून येताना ते जहाजासह फ्रेंचांच्या हाती सापडून मॉरिशसला गेले होते. परंतु ते शास्त्रीय कामाचे आहे असे कळताच तेथील फ्रेंच गव्हर्नराने सन्मानपूर्वक मद्रासेस धाडून दिले. कावेरीच्या सपाट मुलखात डोंगर नाहीत आणि माडांच्या दाटीत दूरचे काही दिसत नाही. तेव्हा देवळांची शिखरे हेच डोंगर मानून लॅम्बटन त्यांवर यंत्र चढवू लागला. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर ते चढविले जात असता दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचे मोठे चक्र वाकले. दुसरा कोणी मोजणी सोडून स्वस्थ बसला असता. लॅम्बटनने कारागीर हाताशी घेतले आणि सुमारे सहा आठवडे खपून ते चक्र पूर्ववत केले. त्या वेळी तंजावरास सरफोजीराजांची कारकीर्द चालू होती. हाच लॅम्बटन मोजणी करीत करीत उत्तरेकडे सरकला आणि १८२३ मध्ये आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे.

त्याचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले, आणि तेथे एक अडचण उपस्थित झाली. मध्य भारतातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना ह्या दोन ठाण्यांमधील अंतर दोन रीतींनी काढले होते: एकदा जमिनीवरील त्रिकोणांच्या साखळीने आणि एकदा ताऱ्यांच्या वेधांनी. दोन्ही उत्तरांत ५.२३६ विकलांचा फरक आला. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. जमिनीवर हा फरक सुमारे १६० मीटर भरतो. आणि दोन ठाण्यांतील अंतर तर ६०० किलोमीटरांच्या आसपास. एवढा फरक कोणीही किरकोळ म्हणून सोडून दिला असता.

परंतु कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट ह्यांनी तो सोडला नाही. ताऱ्यांचा वेध घेताना सरळ वर म्हणजे कोणीकडे, हे ओळंब्यावरून ठरते. गवंड्याच्या हातातला ओळंबा जसा, तसाच हा. आता हिमालयासारखा पर्वत शेजारी उभा असेल, तर तो ओळंब्याला थोडासा आपल्याकडे ओढणारच. प्रॅट ह्यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिताप्रमाणे ही ओढ १५.८८५ विकलांची यावयास हवी होती, म्हणजे प्रत्यक्ष फरकाच्या तिप्पट! प्रश्न सुटण्याऐवजी अधिकच बिकट झाला. त्याच वर्षी ज्योतिर्विद एअरी ह्यांनी त्याचा अर्थ लावला, की पर्वताच्या खाली हलक्या खडकाची खोल मुळे असली पाहिजेत. त्यामुळे पर्वताची ओढ अपेक्षेहून कमी पडते. हिमालयाच्या पोटाखाली कोणीही खणून पाहिले नव्हते. तेथे काय दडले आहे, ते एका न जुळणाऱ्या हिशेबाने सांगितले.

उचंत खाते

येथे आमच्या नोकरीतील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. आरंभीच्या वर्षांत एका कार्यालयात दोन वह्यांच्या बेरजांत १२० रुपयांचा फरक येत असे. दोन्ही वह्या काळजीपूर्वक लिहिलेल्या. वरिष्ठ म्हणाले, "किरकोळ आहे, उचंत खात्यात टाका." पुढल्या महिन्यात तेवढाच फरक आला, आम्ही तोही उचंत खात्यात टाकला. असे कित्येक महिने चालले. काही वर्षांनी एका दिवंगत शिपायाची पत्नी त्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या पैशांसाठी कार्यालयात खेटे घालू लागली, तेव्हा उलगडा झाला. त्याच्या वेतनातून दरमहा कापलेला हप्ता त्याच्या नावे जमाच झालेला नव्हता. बाईंचे पैसे अखेर मिळाले. परंतु त्यासाठी त्यांना जे हेलपाटे पडले, त्यांचा दोष आमच्या पदरी आहे. प्रामाणिकपणे लिहिलेल्या दोन वह्या जुळत नसतील, तर तो फरक म्हणजे कोणाची तरी नोंदवावयाची राहिलेली खरी रक्कम असते, हा धडा आम्ही तेव्हा शिकलो.

भौतिकशास्त्राचाही इतिहास असाच आहे. बुध ग्रहाची कक्षा हळूहळू फिरत असते, आणि न्यूटनच्या नियमाने तिच्या फिरण्याचा हिशेब मांडला, तर शंभर वर्षांत ४३ विकला शिल्लक राहतात. लव्हेर्ये ह्या फ्रेंच ज्योतिर्विदाने १८५९ मध्ये ह्या फरकाकडे लक्ष वेधले. छप्पन्न वर्षे तो उचंत खात्यात पडून होता. १९१५ मध्ये आइनस्टाइनने नवा सिद्धान्त मांडला. त्याप्रमाणे गुरुत्वाकर्षण ही ओढ नसून, वस्तूंच्या अस्तित्वाने अवकाश आणि काळ ह्यांनाच आलेला बाक आहे. त्या सिद्धान्तातून नेमक्या ४३ विकला निघाल्या. ही झाली पहिली वही.

दुसरी वही अणूंची. १९०० मध्ये प्लांकने आरंभिलेला क्वांटम सिद्धान्त १९२५-२७ पर्यंत पूर्ण आकारास आला. इलेक्ट्रॉनसारखा कण कोठे आहे, हे मोजून पाहीपर्यंत निश्चित नसते. तो एकाच वेळी येथेही आणि तेथेही असल्याप्रमाणे वागतो, हे त्याचे सार. ऐकावयास हे चमत्कारिक वाटते. परंतु आज घरोघरी असलेला रेडिओ, संगणक व मोबाईल ह्यांतील अर्धवाहकांचे सारे शास्त्र ह्याच वहीवर चालते, आणि तिच्यातील आकडे प्रयोगांशी अनेक दशांश स्थळांपर्यंत जुळतात.

मग न जुळणारे ते काय? अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन ह्यांनी १९५७ मध्ये एका परिषदेत मांडलेला युक्तिवाद आम्ही आपल्या ओळंब्याच्या भाषेत सांगतो. समजा, एक कण एकाच वेळी उजवीकडेही आहे आणि डावीकडेही. त्याच्या शेजारी अतिशय नाजूक ओळंबा टांगला, तर तो कोणीकडे झुकेल? पहिली वही म्हणते, पदार्थ जेथे असेल तेथेच अवकाशाला बाक येईल. तेव्हा ओळंबा एकाच बाजूस झुकला पाहिजे. पण तसे झाले, तर कण कोठे आहे हे ओळंब्याने सांगून टाकले, आणि दुसऱ्या वहीचा मूळ नियमच बुडाला. तो नियम राखावयाचा, तर ओळंब्याचे झुकणेही, म्हणजेच अवकाशाचा बाकही, येथे आणि तेथे असा दुहेरी मानावा लागतो. अशा दुहेरी बाकाची नोंद करण्यास पहिल्या वहीत रकानाच नाही. म्हणून तिसरी, दोहींना सामावून घेणारी वही हवी. तिचेच नाव गुरुत्वाकर्षणाचा क्वांटम सिद्धान्त. खुद्द आइनस्टाइनने १९१६ मध्येच, क्वांटम सिद्धान्तामुळे आपल्या सिद्धान्तातही फेरफार करावा लागेल, असे लिहून ठेविले होते.

आमच्या स्नेह्यांप्रमाणे कोणी विचारील, की मग शंभर वर्षे काम कसे अडले नाही? कारण असे, की अणूच्या घरात गुरुत्वाकर्षण अगदीच दुबळे. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन ह्यांच्यातील विद्युत ओढीच्या मानाने त्यांची गुरुत्वाची ओढ एकावर एकोणचाळीस शून्ये इतक्या पटींनी कमी आहे. म्हणून अणूंचे अभ्यासक पहिली वही उघडत नाहीत आणि ग्रहताऱ्यांचे अभ्यासक बहुधा दुसरी उघडत नाहीत. विजेच्या सिद्धान्तास जी गणिती रीत लागू पडली, ती गुरुत्वास लावून पाहिली, तर उत्तरे अनंत येतात. विजेच्या बाबतीतही अनंत येतेच. पण तेथे दोन-तीन राशी मोजून घेतल्या, की ते निस्तरते. येथे पायरीगणिक नवी अज्ञात राशी मागितली जाते आणि मागणी कधी संपत नाही.

जिल्ह्यातली माणसे

ज्या जागी दोन्ही वह्या एकदम उघडाव्याच लागतात, त्या जागेचा रस्ता दाखविणारे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हे घराण्याने तंजावर जिल्ह्यातले. त्यांचा जन्म १९१० मध्ये लाहोरास झाला. कारण वडील तेथे रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी होते. काका म्हणजे सर चंद्रशेखर व्यंकट रामन. तेही १९०७ पासून दहा वर्षे सरकारच्या अर्थखात्यात नोकरीस होते. आमच्या पेशाला तेवढाच अभिमान! १९३० मध्ये मुंबईहून विलायतेस जाताना बोटीवर ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने गणित मांडले. इंधन संपलेल्या ताऱ्याचा आतल्या आत कोसळण्याकडे असणारा कल इलेक्ट्रॉनांचा क्वांटम दाब थोपवून धरतो. परंतु त्या दाबाला सापेक्षतेचा नियम लावला, तर सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यास तो थोपवू शकत नाही, असे त्यांस आढळले. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत एडिंग्टनसारख्या थोर शास्त्रज्ञाने ह्या निष्कर्षाची टर उडविली. ताऱ्याने असे विपरीत वागू नये म्हणून निसर्गात काही नियम असलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ मध्ये.

तारा कोसळत गेला, तर त्याचे कृष्णविवर होते. १९६५ मध्ये रॉजर पेनरोज ह्यांनी सिद्ध केले, की अशा ठिकाणी आइनस्टाइनच्या वहीतील नोंद तुटतेच. तेथे तिचे नियम पुढे काही सांगू शकत नाहीत. त्यात कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरी ह्यांच्या १९५५ च्या समीकरणाचा आधार होता. पुढे १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग ह्यांनी दाखविले, की क्वांटम नियम लावले असता कृष्णविवरालाही तापमान असते. हे तर अधिकच कोड्यात टाकणारे. चुलीवरील पाणी तापते, म्हणजे त्यातील रेणूंची धावपळ वाढते. कृष्णविवर जर उष्ण, तर तेथे धावपळ करणारे आहे तरी कोण? त्याच्या अंतर्गत रचना किती, हे मोजावयाचे कसे? पहिल्या वहीत ह्याला उत्तर नाही.

ह्या मोजदादीत तंजावर जिल्हा पुन्हा एकदा येतो. तंजावरपासून अवघ्या चाळीस किलोमीटरांवरील कुंभकोणम् येथे श्रीनिवास रामानुजन लहानाचे मोठे झाले. १९१२ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात महिना ३० रुपयांवर कारकून होते. विलायतेहून आजारी होऊन परतल्यावर, मृत्यूपूर्वी तीन-साडेतीन महिने, १२ जानेवारी १९२० रोजी त्यांनी प्राध्यापक हार्डींना शेवटचे पत्र लिहिले. त्यात 'मॉक थीटा' असे नाव दिलेली १७ नवी गणिती फलने होती. ती नेमकी काय आहेत, हे उकलण्यास गणितज्ञांना २००२ साल उजाडावे लागले. आणि २०१२ मध्ये अतीश दाभोळकर, समीर मूर्ती व डॉन झागिये ह्यांनी दाखविले, की स्ट्रिंग सिद्धान्तातील काही कृष्णविवरांच्या अंतर्गत रचना मोजताना, एकट्या विवराच्या रचना जोडविवरांच्या रचनांपासून वेगळ्या काढल्या, तर उरणारी मालिका रामानुजनांच्या ह्याच फलनांच्या कुळातली असते. ह्यांपैकी दाभोळकर हे कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीचे; शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभारणारे श्रीपाद दाभोळकर ह्यांचे चिरंजीव. इटलीत ट्रिएस्ट येथे अब्दुस सलाम ह्यांनी स्थापिलेल्या आंतरराष्ट्रीय भौतिकी केंद्राची सूत्रे त्यांनी २०१९ मध्ये हाती घेतली. कुंभकोणमच्या माणसाने अंथरुणावर पडून लिहिलेले पत्र ब्याण्णव वर्षांनी गारगोटीच्या माणसाच्या कामी आले, हे वाचून आम्हांस जो आनंद झाला, तो शब्दांत सांगता येत नाही.

मराठी माणसाचे नाव ह्या शोधात आणखीही ठिकाणी येते. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे जन्मलेले अभय अष्टेकर ह्यांनी १९८६ मध्ये आइनस्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली आणि त्यावर 'लूप क्वांटम' नावाचा दुसरा मार्ग उभा राहिला. त्या मार्गाप्रमाणे अवकाश हे सलग नसून कापडाप्रमाणे धाग्यांचे विणलेले आहे. दुरून सलग दिसते इतकेच. आपल्या सर्वांचे आवडते जयंतराव नारळीकर ह्यांनीही ठाणू पद्मनाभन ह्यांच्यासमवेत विश्वाच्या आरंभास क्वांटम नियम लावून पाहिले होते. पद्मनाभन २०२१ मध्ये आणि नारळीकर २०२५ मध्ये आपल्यातून गेले.

सत्यास धरून सांगावयाचे, तर ह्यांपैकी कोणताही मार्ग अद्याप प्रयोगाने सिद्ध झालेला नाही. जेथे अवकाशाचे धागे दिसावेत ते अंतर प्रोटॉनहूनही एकावर वीस शून्ये इतक्या पटींनी लहान. तेथवर पोचणारे यंत्र मनुष्यापाशी नाही. फाइनमन ह्यांचा ओळंबा प्रत्यक्ष टांगता येईल काय, ह्याचे प्रयत्न प्रयोगशाळांतून चालू आहेत, परंतु तो अजून टांगला गेलेला नाही. तेव्हा ह्या विद्येतून उद्या पैसा मिळेल किंवा काही उपकरण निघेल, असे आश्वासन आम्ही आमच्या स्नेह्यांना देऊ शकलो नाही.

आम्ही त्यांना उचंत खात्याची गोष्ट सांगितली. आपले घर सोडून परप्रांती आलेल्या माणसाला मुलांच्या पोटापाण्याची चिंता अधिक असते, आणि ती खोटी नव्हे; आम्हीही तिच्यातूनच गेलो आहो. परंतु प्रत्येकाने जर सोयीची वही तेवढी उघडली आणि फरक उचंत खात्यात टाकला, तर ती राहिलेली रक्कम शोधावी कोणी? स्नेही बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "दोन वर्षे पाहू." मुलगी आज संशोधन करीत आहे. दोन वर्षे केव्हाच उलटली. वडील आता तो विषय काढीत नाहीत, पण तिचे पत्र आले, की आम्हांस आवर्जून दाखवितात.

मंडळाची मंडळी पुन्हा तंजावरास जातील, तेव्हा भोसल्यांचा शिलालेख त्यांनी अवश्य वाचावा. तो वाचून झाला, म्हणजे मुलांना जवळ बोलावून वर शिखराकडे बोट दाखवावे, आणि दोर तुटूनही न थांबलेल्या मोजणीची गोष्ट त्यांना मराठीतून सांगावी, एवढीच ह्या सुवर्णमहोत्सवी वर्षी आमची प्रार्थना आहे.